अंककोड्यांतील सममिती: डोळ्यांना दिसणारी आणि उत्तरापर्यंत नेणारी

तापीकाठ (धागाकर्ता)

मी चोपडा तालुक्यातील एका शाळेत गणित शिकवतो. गेल्या आठवड्यात तास संपायला पंधरा मिनिटे उरली होती, म्हणून नववीच्या मुलांना फळ्यावर आठ घरांची एक आकृती काढून दिली. वरच्या ओळीत दोन घरे, मधल्या ओळीत चार आणि खालच्या ओळीत पुन्हा दोन.

– क ख –
ग घ च छ
– ज झ –

या घरांत १ ते ८ हे अंक एकेकदा भरायचे, पण लागोपाठचे दोन अंक, जसे ३ आणि ४ किंवा ७ आणि ८, एकमेकांना लागून असलेल्या घरांत येता कामा नयेत. बाजूने नाही आणि कोपऱ्यानेही नाही. मुलांनी आधी अंदाजाने भरून पाहिले, खोडले, पुन्हा भरले. मग एका मुलीने विचारले की यातले सर्वांत अडचणीचे घर कोणते, आणि तिथून वाट सापडली. घ हे घर छ सोडून बाकी सहा घरांना लागून आहे, तसेच च हे घर ग सोडून बाकी सहांना. मधल्या कोणत्याही अंकाला, समजा ४ ला, ३ आणि ५ असे दोन शेजारी टाळायचे असतात. घ मध्ये ४ ठेवला तर ३ आणि ५ या दोघांना छ या एकाच घरात बसवावे लागेल. टाळायचा शेजारी एकच असतो तो फक्त १ ला आणि ८ ला, म्हणून घ आणि च मध्ये हेच दोन अंक येणार. घ मध्ये १ घेतला की छ मध्ये २ आलाच, आणि च मध्ये ८ असल्यामुळे ग मध्ये ७. पुढे ६ हा ७ जवळ नको, ३ हा २ जवळ नको, आणि वरच्या व खालच्या जोडीत लागोपाठचे अंक नकोत, एवढ्यावर उत्तर हातात येते:

– ३ ५ –
७ १ ८ २
– ४ ६ –

तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलाने वही वर धरली. त्याचे उत्तर असे होते:

– ६ ४ –
२ ८ १ ७
– ५ ३ –

त्याचे एकही घर पहिल्या उत्तराशी जुळत नव्हते, आणि तरी तेही बरोबर होते. मी ती वही उलटी करून, म्हणजे अर्धा फेरा फिरवून, फळ्याशेजारी धरली, तेव्हा पुढची मुले ओरडली, "सर, हाई ते तेच शे!" खरेच तेच उत्तर होते. आणखी एक गोष्ट म्हणजे पहिल्या उत्तरातील प्रत्येक अंक ९ मधून वजा केला तरी दुसरेच उत्तर मिळते. डावी-उजवी आणि वर-खाली अशी अदलाबदल धरून या आकृतीची एकूण चार उत्तरे होतात, पण ती एकाच उत्तराची चार रूपे आहेत.

तेव्हापासून माझ्या मनात एक प्रश्न घोळतो आहे आणि त्यासाठीच हा धागा काढला आहे. उत्तर सापडल्यावर त्याची रूपे मोजण्यासाठी सममिती वापरणे सोपे आहे. पण सुडोकूसारख्या कोड्यात उत्तर सापडण्याच्या आधीच सममितीचा आधार घेऊन पुढचे घर भरता येते का, आणि येत असेल तर कोणत्या अटीवर? मी थोडे वाचले आहे आणि थोडे स्वतः पडताळले आहे, पण इथल्या मंडळींचा अनुभव आधी ऐकायला आवडेल.

अंकवेडी

सर, माझा अनुभव फसगतीचा आहे, तो सांगते. मी रोज जळगावहून भुसावळला गाडीने नोकरीसाठी जाते आणि तेवढ्या वेळात वर्तमानपत्रातील सुडोकू सोडवते. एकदा माझ्या लक्षात आले की कोड्यात दिलेल्या अंकांची घरे अगदी तोलून मांडलेली आहेत. कागद उलटा फिरवला तरी भरलेली आणि रिकामी घरे जागच्या जागी राहतात. त्यातच दोन ठिकाणी २ च्या बरोबर समोर ७ आलेला दिसला. मी मनाशी ठरवले की २ आणि ७ ही जोडी आहे, आणि मग जिथे २ सापडेल तिथे समोरच्या घरात ७ लिहीत गेले. स्टेशन येईपर्यंत कोडे जवळजवळ भरले, आणि शेवटच्या उभ्या रांगेत दोन ४ येऊन बसले. दिवसभर ते डोक्यातून गेले नाही. युक्तीच चुकीची होती की माझे काही राहून गेले, हे मला आजवर कळलेले नाही.

तापीकाठ

ताई, आपले जे राहून गेले तेच या विषयाचे मर्म आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सुडोकूत सममिती दोन प्रकारांनी दिसते. पहिली घरांची: दिलेले अंक कोणत्या घरांत आहेत याची नक्षी तोलून मांडलेली असते. हे कोडे अमेरिकेत डेल मासिकांतून १९७९ साली हॉवर्ड गार्न्स यांनी पुढे आणले, आणि १९८४ पासून जपानच्या निकोली या प्रकाशनसंस्थेने ते लोकप्रिय केले. निकोलीने दिलेल्या अंकांची मांडणी सममित असावी असा दंडक घातला आणि तो पुढे बहुतेकांनी उचलला. पण तो दंडक रांगोळीतल्या ठिपक्यांसारखा, देखणेपणासाठी आहे. त्या घरांत कोणते अंक आहेत याविषयी तो काहीच बोलत नाही, त्यामुळे कोडे सोडवताना त्याचा उपयोग शून्य.

दुसरी सममिती अंकांची. कागद अर्धा फेरा फिरवला की दिलेला प्रत्येक अंक दुसऱ्या एका दिलेल्या अंकाच्या जागी जातो, आणि हे सर्वत्र एकाच नियमाने घडते: जिथे जिथे २ आहे तिथे समोर ७ च, जिथे १ आहे तिथे समोर ९ च, एकही अपवाद नाही. आपण दोन जागा पाहिल्या आणि नियम मानला. उरलेल्या अंकांपैकी एकानेही हा नियम मोडला असेल तर सगळा आधारच गळून पडतो.

लहान उदाहरण देतो. चार गुणिले चारचे सुडोकू घ्या, ज्यात प्रत्येक ओळ, प्रत्येक उभी रांग आणि प्रत्येक दोन गुणिले दोनची पेटी यांत १ ते ४ एकेकदा यायला हवेत.

१ २ | – –
४ – | – –
– – | – ३
– – | १ २

कागद फिरवा. १ च्या समोर २ आहे, ४ च्या समोर ३, आणि वरच्या २ च्या समोर १. म्हणजे १ आणि २ एकमेकांचे जोडीदार, ३ आणि ४ एकमेकांचे जोडीदार, आणि सहाही दिलेले अंक हा नियम पाळतात. आता पहिल्या पेटीत उरलेल्या घरात ३ येतो, तर न बघता तिसऱ्या ओळीच्या तिसऱ्या घरात ४ लिहा. चौथ्या रांगेत पहिल्या ओळीला ४ येतो, तर चौथ्या ओळीच्या पहिल्या घरात ३. अर्धे कोडे सोडवले की उरलेले अर्धे फक्त उतरवून काढायचे:

१ २ | ३ ४
४ ३ | २ १
२ १ | ४ ३
३ ४ | १ २

केळीचे_बन

नमस्कार सर. मी रावेरकडचा शेतकरी आहे. आमच्याकडे रात्रीच्या पाळीत वीज येते, त्यामुळे मोटार सुरू होण्याची वाट पाहत विहिरीवर बसावे लागते, तेव्हा मोबाइलवर सुडोकू सोडवायची सवय लागली. आपले उदाहरण मी बांधावर बसून कागदावर करून पाहिले आणि ते जमले. मात्र एक शंका आहे. दिलेले अंक सममित आहेत हे मी मान्य करतो, पण त्यावरून न दिलेले अंकही सममितच असतील हे कशावरून? पेरताना सरी सरळ असली म्हणजे उगवण सारखीच होते असे नाही.

तापीकाठ

भाऊ, प्रश्न अगदी नेमका आहे, आणि त्याचे उत्तर चार ओळींचे आहे.

समजा कोड्याचे उत्तर तुमच्या हातात आहे. ते उत्तर कागदासकट अर्धा फेरा फिरवा आणि मग प्रत्येक अंकाच्या जागी त्याचा जोडीदार लिहा. जे मिळाले तेही नियम पाळणारे पूर्ण सुडोकू असते, कारण फिरवल्याने ओळीची ओळच राहते, पेटीची पेटीच राहते, आणि अंकांची नावे बदलल्याने कुठे पुनरुक्ती होत नाही. शिवाय दिलेले अंक या क्रियेने जिथल्या तिथे परत येतात, म्हणून हे नवे सुडोकूसुद्धा त्याच कोड्याचे उत्तर आहे. पण कोड्याला उत्तर एकच आहे. म्हणून नवे आणि जुने एकच असले पाहिजे, म्हणजेच उत्तर स्वतः सममित असलेच पाहिजे.

सगळा भार "उत्तर एकच आहे" या वाक्यावर आहे. तुमच्या सरीच्या उपमेतही तेच आहे. उगवण निरनिराळ्या तऱ्हांनी होऊ शकते म्हणून ती सारखी असेलच असे सांगता येत नाही. वरच्या उदाहरणातून पहिल्या ओळीतला २ आणि शेवटच्या ओळीतला १ काढून टाका. उरलेले चार अंक अजूनही सममित आहेत, पण आता कोड्याला चार उत्तरे होतात, आणि त्यांपैकी दोन सममित नाहीत. त्यांतले एक पाहा:

१ २ | ३ ४
४ ३ | २ १
२ ४ | १ ३
३ १ | ४ २

पहिल्या ओळीतल्या २ च्या समोर इथे ४ आला आहे. नियमांत कुठेही चूक नाही, फक्त सममिती मोडली. जगातील सुडोकूप्रेमी मंडळींत ही युक्ती गर्थ यांच्या नावाने ओळखली जाते, आणि तिथेही पहिली अट हीच सांगितली जाते.

सातपुडा

चर्चा आवडली, परंतु मला एक आक्षेप नोंदवायचा आहे आणि तो मी मनापासून नोंदवत आहे. कोडे सोडवणे म्हणजे दिलेल्या अंकांवरून, नियमांच्या आधारे, प्रत्येक अंक तिथेच का यायला हवा हे दाखवणे. "उत्तर एकच आहे" हा नियम नाही. तो कोडे रचणाऱ्याचा शब्द आहे. त्याच्या शब्दावर विसंबून घर भरणे म्हणजे उत्तरपत्रिकेच्या मागच्या पानावर डोकावण्यासारखे मला वाटते. आणि रचणारा चुकला असेल तर? गल्लोगल्ली छापल्या जाणाऱ्या पुस्तिकांत दोन-दोन उत्तरांची कोडी मी स्वतः पाहिली आहेत.

तापीकाठ

आक्षेप गंभीर आहे आणि त्यातला अर्धा भाग मला मान्य आहे. सममितीने घरे भरत गेलो आणि शेवटी संपूर्ण चौकट नियमांत बसली, तर ते उत्तर आहे यात शंका उरत नाही, कारण ओळ, रांग आणि पेटी आपण शेवटी स्वतः तपासलेली असते. राहते ती एवढीच गोष्ट की हे एकच उत्तर आहे हे या मार्गाने सिद्ध होत नाही. उत्तर शोधणे आणि ते एकमेव असल्याचे दाखवणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि सममिती त्यांपैकी पहिलेच काम करते.

पण "डोकावणे" हा शब्द मला मान्य नाही, कारण एकमेव उत्तराची अट अंकांच्या मांडणीत आपली खूण आधीच सोडून जाते आणि ती खूण वाचणे हे तर्काचेच काम आहे. एखाद्या कोड्यात ३ आणि ८ हे दोन अंक एकदाही दिलेले नसतील, तर कोणत्याही उत्तरातील सगळे ३ आणि सगळे ८ आपसांत बदलले तरी दुसरे उत्तर तयार होते. म्हणून नीट रचलेल्या कोड्यात नऊपैकी किमान आठ अंक दिसलेच पाहिजेत. तसेच वरच्या तीन ओळींच्या पट्ट्यातील दोन ओळी पूर्ण रिकाम्या असतील, तर त्या दोन ओळी आपसांत बदलून दुसरे उत्तर मिळते. ज्या पुस्तिकांचा आपण उल्लेख केला त्यांतील सदोष कोडी या दोन कसोट्यांवर अनेकदा पेन्सिल न उचलताच पकडता येतात. म्हणजे रचणाऱ्याच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवा असे मी म्हणत नाही. तो शब्द खोटा असेल तर तो पकडण्याचे साधनही सममितीच आहे.

सातपुडा

दोन कामे वेगळी आहेत हे आपण स्पष्ट केलेत, त्यामुळे माझा विरोध बराच निवळला. मी स्वतः आधी नेहमीच्या रीतीने सोडवीन आणि सममिती पडताळ्यासाठी ठेवीन. रिकाम्या ओळींची कसोटी मात्र मला ठाऊक नव्हती आणि ती मी आजपासून वापरणार आहे.

अंकवेडी

सर, नऊ गुणिले नऊच्या कोड्यात हे प्रत्यक्ष कसे वापरायचे ते लिहाल का? चार गुणिले चारमध्ये मधले घर नसते, नऊमध्ये असते. त्या मधल्या घराचे काय होते? ते तर फिरवले तरी स्वतःच्याच जागी राहते.

तापीकाठ

ताई, आपण बोट अगदी योग्य जागी ठेवलेत. नऊच्या चौकटीत पहिली पकड मिळते ती मधल्या घरातच.

अर्ध्या फेऱ्याने पहिल्या ओळीचे दुसरे घर नवव्या ओळीच्या आठव्या घरात जाते; ओळीचा आणि रांगेचा क्रमांक दोन्ही १० मधून वजा करायचे. मधले घर, म्हणजे पाचव्या ओळीचे पाचवे, जागचे हलत नाही, म्हणून त्यातला अंक स्वतःचाच जोडीदार असला पाहिजे. असे अंक आणखी असू शकतात का? समजा ६ हासुद्धा स्वतःचाच जोडीदार आहे. पाचव्या ओळीत ६ कुठेतरी असणारच. तो दुसऱ्या घरात असेल तर फिरवल्यावर त्याच ओळीच्या आठव्या घरात ६ यायला हवा, आणि एका ओळीत दोन ६ चालत नाहीत. ही अडचण फक्त मधल्या घरात येत नाही, आणि मधले घर तर एकच आहे. म्हणून अर्ध्या फेऱ्याच्या सममितीत स्वतःचाच जोडीदार असलेला अंक नेमका एक असतो आणि बाकीच्या आठ अंकांच्या चार जोड्या लागतात.

याचा लाभ पाहा. दिलेल्या अंकांवरून १–९, २–८, ३–७ आणि ४–६ अशा जोड्या दिसल्या, तर मधल्या घरात ५ लिहून टाका. त्यासाठी पाचव्या ओळीत वा रांगेत एकही अंक दिलेला असण्याची गरज नाही. त्यानंतर पाचवी ओळ, पाचवी रांग आणि मधली पेटी पाहा, कारण तिथे समोरासमोरची घरे एकाच ओळीत, रांगेत वा पेटीत पडतात. पाचव्या ओळीच्या पहिल्या घरात १, २, ३ अशा शक्यता उरल्या असतील आणि त्याच ओळीच्या नवव्या घरात ७, ८ एवढ्याच असतील, तर पहिल्या घरातला १ लगेच खोडता येतो, कारण त्याचा जोडीदार ९ समोर बसूच शकत नाही. नेहमीच्या रीतीने हा १ खोडायला कदाचित दहा पावले जावे लागले असते.

वर्गात मी याची ओळख तीन गुणिले तीनच्या जादूच्या चौरसाने करून देतो. १ ते ९ अंक असे मांडायचे की प्रत्येक ओळीची, रांगेची आणि कर्णाची बेरीज १५ यावी. तिथेही मधोमध ५ येतो आणि समोरासमोरच्या अंकांची बेरीज १० होते. फिरवून आणि आरशात धरून त्याची आठ रूपे होतात, मूळ उत्तर मात्र एकच. कारणे निराळी आहेत, पण मुलांना मधल्या घराचे मोल तिथे पहिल्यांदा पटते.

यापेक्षाही जोरदार सममिती कर्णाची आहे. डाव्या वरच्या कोपऱ्यातून उजव्या खालच्या कोपऱ्यात जाणाऱ्या कर्णावर कागद दुमडल्याची कल्पना करा. दुसऱ्या ओळीचे सातवे घर सातव्या ओळीच्या दुसऱ्या घरावर पडते. कर्णावरची नऊ घरे जागची हलत नाहीत, म्हणून तिथे फक्त स्वतःचेच जोडीदार असलेले अंक येऊ शकतात. पहिल्या पेटीत असा अंक कर्णाबाहेर बसला तर दुमडल्यावर त्याच पेटीत तो दुसऱ्यांदा येईल, म्हणून तो कर्णावरच हवा. आणि पेटीत कर्णाची घरे तीनच. म्हणजे असे अंक नेमके तीन, बाकी सहांच्या तीन जोड्या. कर्णावरच्या नऊही घरांत एका फटक्यात तीनच शक्यता उरतात, आणि त्या तीन पेट्यांतील इतर सर्व घरांतून ते तीन अंक खोडले जातात. अवघड म्हणून दिलेले कोडे एवढ्यावर मऊ पडताना मी पाहिले आहे.

केळीचे_बन

सर, मग सरळ आरसा धरला तर? म्हणजे मधल्या उभ्या रांगेवर डावी बाजू उजवीवर दुमडली तर? डोळ्यांना तर तीच सममिती सर्वांत आधी दिसते.

तापीकाठ

भाऊ, ती सुडोकूत असूच शकत नाही. मधल्या रांगेतील नऊ घरे जागची हलत नाहीत आणि त्यांत नऊही अंक असतात, म्हणून प्रत्येक अंक स्वतःचाच जोडीदार ठरतो. मग पहिल्या ओळीच्या पहिल्या आणि नवव्या घरात एकच अंक यायला हवा, आणि एका ओळीत तो दोनदा चालत नाही. घरांच्या नक्षीत सरळ आरसा कितीही सुंदर दिसला तरी अंकांत तो उतरणार नाही.

शोध कसा सुरू करावा हेही लिहून ठेवतो. आधी प्रत्येक अंक किती वेळा दिला आहे ते मोजा. जोडीदारांची संख्या सारखीच असली पाहिजे. २ चार वेळा आणि ७ तीन वेळा दिला असेल तर ती जोडी तिथेच बाद. ताईंनी त्या दिवशी गाडीत एवढे मोजले असते तर बहुधा ती चूक टळली असती. मोजणी जुळली तरच समोरासमोरचे अंक तपासा, आणि शेवटच्या अंकापर्यंत तपासा.

चाळीसगावकर

उशिरा आलो, पण मला या सममितींची मोजदाद मांडायची आहे, कारण तिच्यामुळे या विषयाचा आवाका कळतो.

पूर्ण भरलेल्या सुडोकू चौकटी ६६७०९०३७५२०२१०७२९३६९६० आहेत, हे फेल्गेनहॉवर आणि जार्विस यांनी २००५ साली काढले. यांतल्या अनेक एकमेकींची रूपे आहेत. तीन ओळींचे पट्टे आपसांत बदलता येतात, पट्ट्यातल्या ओळी आपसांत बदलता येतात, उभ्या रांगांचेही तसेच, आणि शिवाय कर्णावर दुमडता येते. या सर्वांची मिळून ३३,५९,२३२ रूपे होतात. त्याला नऊ अंकांची नावे बदलण्याच्या ३,६२,८८० प्रकारांनी गुणले की १२,१८,९९,८१,०८,१६० होतात. ही रूपे एक मानली तर खऱ्या अर्थाने वेगळ्या चौकटी उरतात ५,४७,२७,३०,५३८, हे रसेल आणि जार्विस यांनी २००६ साली दाखवले. यांपैकी स्वतःत काहीतरी सममिती असलेल्या फक्त ५,६०,१५१ आहेत, म्हणजे साधारण दहा हजारांत एक. त्यामुळे वर्तमानपत्रातील कोड्यात ही युक्ती सहसा लागू पडत नाही, आणि लागू पडलीच तर रचणाऱ्याने ती मुद्दाम घातलेली असते, असे धरून चालावे.

याच घटीमुळे एक मोठा प्रश्न सुटला. सतरापेक्षा कमी अंक देऊन एकच उत्तर असलेले कोडे रचता येते का, याचा निकाल डब्लिनच्या मॅकग्वायर यांच्या चमूने २०१२ साली जाहीर केला: सोळा अंकांचे असे कोडे अस्तित्वातच नाही. त्यांनी एकेका रूपगटाची एकच चौकट तपासली, तरीही संगणकाला सुमारे ७१ लाख प्रोसेसर-तास लागले. सममितीने आधी गाळणी लावली नसती तर हे काम हाती घेण्यासारखेही नव्हते.

आणि आमच्या तालुक्याचा एक धागा इथे जोडल्यावाचून राहवत नाही. पाटणादेवीच्या परिसरातील शके ११२८ चा शिलालेख सांगतो की भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापला. ज्या ग्रंथांचे अध्ययन तिथे अपेक्षित होते त्यांत 'लीलावती' आहे, आणि तिच्या अखेरीस अंकपाश नावाचे प्रकरण आहे, ज्याचा विषय अंकांच्या अदलाबदली मोजणे हाच आहे. त्यात प्रश्न आहे की शंभूच्या दहा हातांतील दहा वस्तू आपसांत बदलल्या तर मूर्तीची किती रूपे होतील, आणि हरीच्या चार हातांची किती. उत्तरे ३६,२८,८०० आणि २४. यांतल्या पहिल्याला दहाने भागा, म्हणजे नऊ अंकांची नावे बदलण्याचे वर लिहिलेले ३,६२,८८० मिळतात. शंभूची मूर्ती कितीही रूपांत मांडली तरी शंभू एकच राहतो, आणि अंकांची नावे बदलली तरी सुडोकूची चौकट तीच राहते. साडेआठशे वर्षांपूर्वीचा तो हिशेब आणि आजचा हा एकाच घरातले आहेत असे मला मनापासून वाटते.

अंकवेडी

चाळीसगावकर सर, तो शिलालेख मी शाळेच्या सहलीत पाहिला होता, पण अंकपाशाशी त्याचा संबंध आज पहिल्यांदा कळला.

काल मी जुने कात्रण शोधून काढले आणि अंक मोजले. २ चार वेळा दिला होता आणि ७ दोनच वेळा. तपासणी अर्ध्या मिनिटाची होती. आता पाव फेऱ्याचे विचारते. कागद एक चतुर्थांश फिरवला तरी अंकांचा नियम टिकतो, अशी चौकट असू शकते का?

तापीकाठ

असू शकते, ताई. पाव फेऱ्यात मधले घर पुन्हा जागचे हलत नाही, म्हणून तिथला अंक स्वतःपाशीच राहतो. मधल्या पेटीचे चार कोपरे एकमेकांच्या जागी क्रमाने जातात, आणि ते एकाच पेटीत असल्यामुळे त्यांतले चारही अंक वेगळे असतात. म्हणजे त्या चार अंकांची एक साखळी तयार होते, जसे १ च्या जागी २, २ च्या जागी ३, ३ च्या जागी ४ आणि ४ च्या जागी पुन्हा १. बाजूंच्या मधल्या चार घरांची अशीच दुसरी साखळी. इथे जोड्या नसतात. एक एकटा अंक आणि चार-चारच्या दोन साखळ्या, याखेरीज दुसरी व्यवस्था बसत नाही. दिलेल्या अंकांवरून दोन्ही साखळ्या ओळखता आल्या की मधल्या पेटीपासून सुरुवात करा, कारण तिथला एक कोपरा आणि बाजूचे एक घर एवढे कळले की उरलेली सहा घरे साखळीच भरून देते, आणि मधल्या घरात उरलेला नववा अंक बसतो.